डाव्या हातातला खडा

सहावा बार झाला आणि तेवढ्यात वरच्या रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला.

मी विहिरीकडे पाठ करून बाभळीच्या बुंध्याआड उभी होते. सुरुवातीला माझ्या डाव्या मुठीत सात खडे होते. एक बार उडाला की एक खडा डावीतून उजवीत घ्यायचा. सहा खडे उजवीत गेले होते, एक डावीत उरला होता. हॉर्न पुन्हा वाजला, चांगला लांबलचक, आणि त्याच्या मागोमाग पायाखालची जमीन दणकली. बाभळीच्या फांद्यांतून कपच्या सणसणत गेल्या, दारूचा वास नाकात शिरला. सातवा.

तो खडा मी हलवला नाही.

ही त्रेसष्ट सालच्या जानेवारीतली गोष्ट. माण तालुक्यात आमच्या वाडीबाहेरच्या माळावर नव्या विहिरीचं काम चाललं होतं आणि आमची आठ माणसांची टोळी ते करत होती. चाळीस फूट खाली गेलो तरी काळा पाषाण संपत नव्हता. पुरुष खाली पहारीनं भोकं पाडायचे आणि बायका वर यारी फिरवून दगड काढायच्या. यारीला दोन बाजूंनी दोन दांडे असतात, ते हातानं फिरवायचे. दगड असो की माणूस, वर-खाली जायचं ते यारीच्या पाटीतूनच.

सुरुंग भरायचं काम माझ्या नवऱ्याचं होतं. नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती. आता ते दगडावर कोरलंय, शाळेतली पोरंसुद्धा वाचतात, मग मीच का अडून राहावं? केरबा मदने. उंच, काटकुळा माणूस. बोलणं कमी आणि हात सोन्यासारखा. वाती लहानमोठ्या कापायचे ते असे, की बार कधी एकदम उडायचे नाहीत. एकामागून एक उडायचे, मधे श्वास घ्यायला जागा सोडून. मोजायला एवढे सोपे बार दुसऱ्या कुठल्या टोळीत नव्हते.

मोजणं हे आमच्यात फार मोठं काम होतं. सुरुंग भरतो तोच बार झाल्यावर पहिला खाली उतरतो, आणि त्याची मोज त्याच्या घरच्या माणसानंच द्यायची, अशी आमच्या टोळीची रीत. आई, बायको, भाऊ, कोणीही, पण घरचं. ही रीत आमच्या मुकादमानं, गणुनानांनी घातली होती. त्यांच्या आधीच्या टोळीत एका परक्या माणसानं चुकीची मोज दिली आणि त्यांचा रामू नावाचा पुतण्या पहार घेऊन खाली उतरला. न उडालेल्या बारावर पहार बसली. रामूला वर आणायला पाटीच्या दोन खेपा कराव्या लागल्या. तेव्हापासून नाना मोज ऐकून घ्यायचे नाहीत, दोन्ही हात उघडून बघायचे. डावा रिकामा हवा.

डावा रिकामा नसला, तर दिवस मावळेपर्यंत कोणी खाली उतरायचं नाही. आणि ज्यानं बार भरला त्यानं तो निकामी केल्याशिवाय विहीर सोडून कुठं जायचं नाही. मला त्या दिवशी एवढंच हवं होतं.

कारण तो ट्रक माझ्या नवऱ्याला न्यायला आला होता.

दोन दिवसांपूर्वी भरतीचा हवालदार जगदाळे वाडीत आला होता. त्यानं चावडीपुढं पोरांच्या छात्या मोजल्या. केरबा उंचीत बसले, छातीत बसले. आज ट्रक त्यांना तालुक्याला नेणार, तिथं डॉक्टर तपासणार, आणि तिथूनच पलटणीत. चीनची लढाई होऊन तीन महिने झाले नव्हते. माझा भाऊ सोपान त्या लढाईत बर्फात गेला तो गेलाच. मेला म्हणून तार नाही की जिवंत आहे म्हणून पत्र नाही. माझी आई अजून त्याच्या वहाणांना तेल लावून ठेवत होती, चामडं कडक होऊ नये म्हणून.

सकाळी भाकरी बांधून देताना मी म्हणाले होते, "सोपानला गिळलं तेवढं बास न्हाई का?"

"हितं तरी काय हाय, हौसे?" केरबा म्हणाले. "रोज बार भरायचं आन् रोज खाली उतरायचं. मरान हितंबी हाय. तितं निदान पायात बूट आसत्यात."

हे ते हसून म्हणाले. मला हसू आलं नाही.

तर, सातवा बार झाला. धुरळा खाली बसायला लागला तशी माणसं आडोशातून बाहेर आली. नाना माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"मोज?"

"सहा," मी म्हणाले आणि दोन्ही हात उघडले.

डाव्या तळहातावर एक खडा होता. नानांनी तो बघितला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मागं वळून ओरडले, "कुनी जवळ जायाचं न्हाई रं! एक ऱ्हायलाय!"

केरबा धावत आले. अंगावर धुऊन ठेवलेला सदरा होता, काखेत गठुडं होतं. म्हणजे वाती पेटवून वर आल्याबरोबर त्यांनी कपडे बदलले होते, एवढी घाई.

"नीट मोजलंस?"

"व्हय."

"सात झालं वाटलं मला."

"सहा झालं."

त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्यांच्याशी मी पहिल्यांदाच खोटं बोलत होते. नजर खाली घालायची नाही एवढं मी ठरवलं होतं, ते पार पाडलं.

नाना म्हणाले, "आता दिस मावळंस्तवर काय न्हाई. आन् केरबा, तुलाबी जाता यायचं न्हाई. त्या हवालदाराला सांग जा."

सांगायला जावं लागलं नाही. हवालदार जगदाळे स्वतःच बांधावरून खाली येत होता. तिशी ओलांडलेला, गोरापान, मिशीला पीळ. बुटाखाली खडी करकर वाजत होती.

"मदने! बाकीची पोरं ट्रकात बसून वाळायला लागली की! काय चाललंय?"

नानांनी त्याला सगळं सांगितलं. हवालदारानं घड्याळ बघितलं.

"मावळतीपर्यंत मी थांबू शकत नाही. डॉक्टर दुपारी साताऱ्याला परत जाणार."

"मग फुडची भरती कवा?" केरबांनी विचारलं.

"या तालुक्यात? वर्षानं म्हणा. कदाचित होणारही नाही."

केरबा तिथंच दगडावर बसले. त्यांनी गठुडं मांडीवर घेतलं. मला त्यांची दया आली, खोटं कशाला सांगू? पण त्यापेक्षा जास्त आनंद झाला. छातीवरचा धोंडा उतरला. संध्याकाळी घरी जाऊन कोंबडी कापायची, असंसुद्धा मनात येऊन गेलं.

मग केरबांनी मान वर केली.

"हवालदारसाहेब, अर्धा तास थांबशीला?"

"अर्ध्या तासात काय होणार?"

"मी उतारतो. बघतो बार कुठला ऱ्हायलाय, काढतो आन् येतो."

"गप बस!" नाना म्हणाले. "डोकं फिरलं का तुझं? वात आत धुमसत आसली तर?"

"धुमसत आसती तर एव्हाना उडाली आसती. नाना, माझ्या हातनं भरलाय त्यो. दारू किती, माती किती, मला सगळं ठावं हाय. वरनं पानी वततो, भिजवतो, काढतो."

"रामूबी आसंच म्हनला हुता."

"रामूला ठावं नव्हतं बार ऱ्हायलाय. मला ठावं हाय. मोज मिळालीया मला."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

नाना म्हणाले, "मी यारीला हात लावनार न्हाई."

"मग बाभळीला दोर बांधून उतारतो."

आणि ते खरंच दोर सोडायला लागले.  नानांनी खांद्यावरचं फडकं काढून जमिनीवर आपटलं.

"दोरानं मरशील मुडद्या! बस पाटीत. पर एका दांड्याला मी आन् दुसऱ्याला हौसा. तिचा मानूस, तिची मोज. तिनंच सोडायचं तुला."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. सात झाले, मी खोटं बोलले, एवढं म्हणायचं की संपलं. पण ते म्हटलं की केरबा ट्रकात बसणार. आणि नाही म्हटलं तर? तर खाली तसंही काही नाही. ते उतरतील, दगड उलटेपालटे करतील, भोकं हुडकत बसतील. जे नाही ते सापडायला वेळ लागतोच. तोवर हवालदाराचा अर्धा तास संपेल आणि ट्रक निघून जाईल. असा मी विचार केला. वीस वर्षांची होते. मला वाटलं, मी फार हुशार आहे.

डावीतला खडा तसाच तळव्यात दाबून मी दांडा धरला.

केरबांनी पाण्याची कळशी घेतली, पहार घेतली, सदरा काढून गठुड्यावर ठेवला. पाटीत बसताना म्हणाले, "हळू सोडा."

आम्ही हळू सोडलं. दर फेऱ्याला यारी कुरकुरत होती. त्यांचं डोकं काठाखाली गेलं, मग नुसता दोर दिसायला लागला. नाना आणि मी समोरासमोर होतो, पण त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पाटी टेकल्याचा हिसका दोराला बसला.

"पोचलो!" खालून आवाज आला.

हवालदार घड्याळ हातात घेऊन थोडा लांब उभा होता. बाकीची माणसं बाभळीपलीकडं बसली होती.  खालून दगड सरकवल्याचे आवाज येत होते. एक दगड, मग दुसरा. मग जरा वेळानं पहारीचं टोक खडकावर टेकल्याचा आवाज आला. टक्. टक्.

त्या आवाजानं माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

आमच्या विहिरीसमोर मैलभरावर एक बोडका डोंगर होता. मोठा बार झाला की त्याचा आवाज त्या डोंगराला आदळून परत यायचा. मला हे माहीत होतं, रोज ऐकत होते, रोज त्याला वगळून मोजत होते. पण आज मधे ट्रकचा हॉर्न वाजला होता. आज माझं चित्त अर्धं रस्त्यावर होतं. सातवा म्हणून जो मी ऐकला तो सहाव्याचाच परत आलेला आवाज असला तर? जमीन हलली होती ना? हलली होती. की माझेच पाय लटपटले होते? कपच्या सातव्या वेळी उडाल्या की सहाव्या वेळच्या खाली पडत होत्या?

मी आठवायला लागले आणि जितकं आठवावं तितकं ते हातातून निसटायला लागलं. खोटं बोलले होते हे पक्कं. पण जे लपवलं ते खरं तरी पक्कं होतं का?

टक्. टक्. टक्.

"दहा मिनिटं झाली," हवालदार म्हणाला.

 मी दांडा आणखी आवळला. खाली खरोखर एक बार असला, तर मी माझ्या हातानं माझ्या माणसाला त्याच्यावर नेऊन ठेवलं होतं. मोज मिळाली म्हणून ते जपून हात घालतील, हे खरं. पण हवालदारानं अर्धाच तास दिलाय. घाई करतील. आणि ही घाई कोणामुळं?

पहारीचा आवाज थांबला.

शांतता झाली, तेव्हा मला राहवलं नाही. दांडा सोडून मी काठावर पालथी पडले आणि खाली ओरडले, "वर या! वर या हो! सात झालं हुतं! मी खोटं बोलले! सातच झालं हुतं!"

माझा आवाज विहिरीत घुमून वर आला. खाली अंधारात मला त्यांची फक्त पाठ दिसली. पाठ हलली नाही. मग त्यांचा आवाज आला, रागावलेला, मोठा, वरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"गप ऱ्हा, हौसे! सहाच झाल्यात! मी बघतुया न्हवं, हितं वात दिसतीया मला! नाना, तिला मागं घ्या!"

 त्यांच्या डोळ्यांपुढं वात होती. म्हणजे मी सातवा ऐकलाच नव्हता. म्हणजे माझं खोटं खरं होतं आणि केरबा त्या खऱ्यासमोर चाळीस फूट खाली एकटे उकिडवे बसले होते.

सोना नावाची एक बाई आमच्या टोळीत होती, तिनं मला धरून मागं ओढलं. नाना ओरडले, "सगळी आडवी व्हा!" सगळी माणसं जमिनीला चिकटली. हवालदारसुद्धा आडवा झाला. "घाबरली बिचारी," तो म्हणाला. "मोडता घालायला काहीही बोलतं माणूस."

माझं तोंड मातीत होतं. मी देवाला एवढंच म्हणत होते, की ने, ट्रकात ने, बर्फात ने, कुठं न्यायचं तिथं ने, पण आता वर येऊ दे. किती वेळ गेला सांगता येत नाही. हवालदार नंतर म्हणाला, पंधरा मिनिटं. मला ती पंधरा मिनिटं अजून संपल्यासारखी वाटत नाहीत.

"वडा!"

नाना आणि सोना दांड्यांना भिडले. मी उठूच शकले नाही. पाटी वर आली आणि केरबा काठावर उतरले. कळशी रिकामी होती. त्यांनी उजवा हात पुढं केला. तळहातावर ओल्या काळ्या मातीचा गोळा होता आणि त्यात बोटभर वात होती.

नानांनी तो गोळा घेतला, हुंगला. वातीचं टोक दोन बोटांत धरून उजेडात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग गोळा जमिनीवर टाकून त्यावर पायानं माती सारली. 

हवालदार मात्र पुरता भारावला होता.

"हातानं काढलास?"

"व्हय."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की."

हवालदार हसला. त्यानं खिशातून कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवून त्यावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. "मी तुला साध्या पलटणीत टाकणार होतो, मदने. पण तुझी जागा तिथं नाही. तू सॅपर पलटणीत जायचं. पूल बांधणारी, सुरुंग लावणारी, सुरुंग काढणारी पलटण. तिथं असली माणसं दिवा घेऊन शोधतात. डॉक्टरनं काहीही म्हणू दे, तुला घेतलाच समज."

केरबांनी सदरा चढवला. मग माझ्यापाशी आले आणि खाली बसले. माझी डावी मूठ अजून आवळलेली होती. त्यांनी एकेक बोट सोडवून आतला खडा काढून घेतला. राहिलेला बार निकामी झाला की तो खडा विहिरीत टाकायचा, अशीही आमच्यात रीत होती. त्यांनी तो टाकला नाही. खिशात ठेवला.

"येतो," म्हणाले.

मी बघत राहिले. ट्रक गेला.

दुसऱ्या दिवशी टोळीत दुसरा माणूस सुरुंग भरायला आला, सोनाचा नवरा. रीतीप्रमाणं मोज सोनाची. पण ती म्हणाली, मला हौसाशेजारी उभं करा, काल हौसानं मोज दिली म्हणून केरबा वाचला. नाना म्हणाले, "दे तिच्या हातात खडं." सोना माझ्या हातात खडे देत होती तेव्हा ते पुटपुटले, "नीट मोज, बाय." एवढंच.

पुढची अडीच वर्षं मी एका गोष्टीच्या आधारावर काढली. माझी मोज चुकली होती, मला नसता सातवा ऐकू आला होता, आणि तरी मी खोट्यानं सहा म्हणाले म्हणून माझा माणूस जगला. सात म्हणाले असते तर ते पहार घेऊन बिनधास्त खाली उतरले असते, रामूसारखे. देवानंच माझ्या तोंडून सहा वदवलं, असं मी आईलासुद्धा सांगितलं. पलटणीत पाठवल्याचं दुःख होतं, पण त्याखाली हा एक अभिमान होता.

केरबा दोनदा रजेवर आले. अंगानं भरले होते, बूट खरंच होते. मंजुळा झाली. काय काम करता म्हणून विचारलं तर म्हणायचे, "हितं भरत हुतो, तितं काढतो." दुसऱ्या रजेत, पासष्टच्या ऑगस्टमध्ये, दहा दिवस राहिले असताना तार आली. लगेच परत या.

एसटीच्या फाट्यावर आम्ही दोघंच होतो. मंजुळा माझ्या कमरेवर झोपली होती. गाडीला वेळ होता. मी म्हणाले, "जपून ऱ्हावा. त्या दिशी देवानं वाचवलं, दर एळी वाचवंलच आसं न्हाई."

"कुठल्या दिशी?"

"विहिरीत. बार ऱ्हायला हुता तवा."

केरबांनी रस्त्याकडं बघितलं. मग म्हणाले, "बार न्हवता ऱ्हायला."

"काय?"

"सातबी उडालं हुतं. खाली गेलो आन् पयल्याच नजरंत दिसलं. सात जागी खडक फुटलेला. मी आर्धी कळशी पानी प्यालो, आर्धी मातीत वतली आन् बसून ऱ्हायलो."

मी मंजुळाला कमरेवर सावरून धरलं. "वात? दारू?"

"कमरंच्या चंचीत चिमूटभर दारू आन् वातीचा तुकडा कायम आसायचाच की माझ्या."

"मी वरडत हुते. सात झालं म्हनून वरडत हुते मी."

"वरडलीस. पर वर सगळी टोळी हुती. बाईनं खोटी मोज दिली आसं मी म्हनलो आसतो तर? नानानं तुला पुन्यांदा यारीपाशी हुबी केली आसती? सगळ्या तालुक्यात कुठल्या विहिरीवर तुला काम मिळालं आसतं?" ते थोडं हसले. "आन् दुसरं म्हंजे, मला रागबी आला हुता. म्हनलं, हिलाबी जरा भ्या दाखवावं. पंधरा मिनटं उगाच बसलो."

"मग हवालदारानं लिवून घेतलं त्ये..."

"हां. त्ये माझ्या ध्यानात न्हवतं आलं. मला वाटलं साधा शिपाई करत्याल. कागदावर लिवलं, जिवंत बार हातानं काढनारा मानूस. मग म्होरं दर एळी मलाच हाक. पयल्यांदा लई भ्यालो, हौसे. खरा सुरुंग कवा हातानं काढलाच न्हवता मी. मग शिकलो. आता जमतंया."

"सांगा की त्यास्नी! खोटं हुतं म्हनून सांगा!"

"आता?"

गाडीचा आवाज आला. वळणावर धुरळा दिसला. केरबांनी वर्दीच्या खिशात हात घातला. माझी उजवी मूठ त्यांनी उघडली आणि त्यात खडा ठेवला, तोच, अडीच वर्षं खिशात राहून गुळगुळीत झालेला.

"ह्यो ह्या हातातला," म्हणाले. "तुझी मोज बरूबर हुती. मनात काय ठेवू नगंस."

ते गाडीत चढले. मंजुळा जागी होऊन रडायला लागली.

सप्टेंबरात तार आली. पंजाबच्या हद्दीवर गेले. त्यांच्या पलटणीतला शेजारच्या गावचा लालासाहेब रजेवर आला तेव्हा त्यानं सांगितलं. पुढं जायच्या वाटेवर शत्रूनं सुरुंग पेरले होते आणि मागं गाड्या खोळंबल्या होत्या. अधिकाऱ्यानं विचारलं, हातानं काढलेला अनुभवी कोण? कोणीतरी म्हणालं, मदने, त्याच्या कागदावर आहे. केरबा काही न बोलता पुढं झाले. सकाळपासून ते पोटावर सरकत होते. त्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेवरून दुपारपर्यंत सगळी पलटण पार झाली. मग कडेला एक उरला होता, तो त्यांनी उचलला. त्याच्याखाली दुसरा लावून ठेवलेला होता.

"वहिनी, आम्ही त्यांच्यामुळं जिवंत आहोत," लालासाहेब म्हणाला आणि रडला.

मी नंतर शाळेत शिपाई म्हणून लागले आणि पहिलीच्या पोरांबरोबर बसून लिहा-वाचायला शिकले. नाना गेले. मंजुळाचं लग्न झालं. अठ्ठ्याण्णव साली शाळेच्या आवारात गावानं दगड उभारला, त्यावर पहिलंच नाव केरबांचं. पडदा ओढायला सत्तरीचा हवालदार जगदाळे काठी टेकत आला. माईकवर त्यानं विहिरीचीच गोष्ट सांगितली. सहा बार, राहिलेला सातवा, हातातला काळा गोळा. पोरं तोंड उघडी टाकून ऐकत होती. शेवटी तो माझ्याकडं वळला. "वहिनी, दोन शब्द बोला. तुम्ही होता तिथं."

मी उठले. मनात होतं ते असं: विहिरीतलं शौर्य खोटं होतं, पण पंजाबातलं खरं होतं. त्या खोट्याला खरं करून दाखवायला माझा माणूस अडीच वर्षं रोज सुरुंगावर हात ठेवत गेला, आणि ते खोटं मूळचं माझं. हे गावाला कळायला हवं होतं. पण माईकपुढं मला पाचच शब्द सुचले.

"त्या दिशी सातबी झालं हुतं."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग हवालदार जगदाळे मोठ्यानं हसला, डोळे पुसत म्हणाला, "बघा! त्या दिवशीही वहिनी काठावरून हेच ओरडत होत्या! नवऱ्याला वर काढायला! अहो, बायकोचं काळीज ते!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही बायका रडल्या. हेडमास्तरांनी मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

खडा उजव्या मुठीत होता. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि उघडले. डावा रिकामा होता. ते बघायला नाना हवे होते.